दुसऱ्या रांगेतला होझुमी

होझुमी तोकुजीला मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा तो रडत होता. आमच्या शाळेच्या हॉलमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलांचा निरोप समारंभ चालला होता. मार्चमधल्या त्या समारंभात सगळेच रडतात, तो असतोच त्यासाठी, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. नवल हे की होझुमीचं त्या शाळेत कुणीच नव्हतं. ना मुलगा, ना भाची, ना शेजारचं पोर. तो शिक्षकांच्या खोलीमागचा गळका नळ दुरुस्त करायला आला होता, आणि हातात पाना घेऊन हॉलच्या दारात उभा होता.

मंचाच्या पायऱ्यांवर मुलं उभी राहून गात होती. त्या वर्षीचं गाणं नवं होतं, टोकियोहून आलेलं, पियानोवरचं, संथ. खाली काळ्या पोशाखातल्या त्यांच्या आया बसल्या होत्या. प्रत्येकीच्या मांडीवर इस्त्री केलेला पांढरा रुमाल होता आणि अजून एकीनेही तो उचलला नव्हता. आमच्या मिसाहामा गावात ही एक अडचणच आहे. सगळ्यांच्या आधी रडणं म्हणजे दिखाऊपणा. अजिबात न रडणं म्हणजे काळजाच्या जागी दगड. त्यामुळे गावात प्रत्येकाला दुसऱ्या नंबरावर रडायचं असतं, आणि पहिला कुणी मिळत नाही. अशा वेळी गाणं संपत येतं, आया एकमेकींकडे डोळ्यांच्या कोपऱ्यांतून बघत राहतात, आणि समारंभ वाया जातो.

त्या दिवशी शेवटचं ध्रुवपद आलं. या गाण्यांत ते नेहमी अर्धा सूर वर चढतं. न चढलं तर लोक पैसे परत मागतील. ते चढलं, आणि दारातून नाक ओढल्याचा असा काही आवाज आला की शेवटच्या रांगेने वळून पाहिलं. निळ्या डगल्यातला एक तिशीतला माणूस उभा होता. डावा कान लालबुंद, पाना छातीशी धरलेला, आणि गालांवरून पाणी सरळ हनुवटीपर्यंत. मग काय विचारता! पहिला मिळाला होता. एकदम सगळे रुमाल वर गेले. मीही माझा काढला. मीदेखील याच गावची.

समारंभानंतर हेडमास्तर कानामारूंनी मला बाजूला घेतलं.

"तो दारातला कोण हो, बाई?"

"नळवाला, सर. देवळामागचा होझुमी."

"पुढच्या वर्षीही बोलवा त्याला."

"पण नळ दुरुस्त झाला."

"मग बिघडवा," हेडमास्तर म्हणाले, आणि पालकांचे नमस्कार घ्यायला गेले.

नळ बिघडवावा लागला नाही. पुढच्या वर्षीपासून होझुमीला रीतसर आमंत्रण जाऊ लागलं, 'परिसरातील मान्यवर' म्हणून. तो आईने घेऊन दिलेला काळा कोट घालून यायचा आणि दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचा, म्हणजे आयांना नीट दिसेल असा.

माणूस तसा साधा. उंची बेताची, हात मोठे, बोलणं थोडं. लग्न झालेलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या मोऱ्यांखाली आडवा पडून काम करायचा. आवड एकच, ही रडवणारी गाणी. त्याच्या गाडीत कॅसेटांचा खोका असायचा, आणि चौकात सिग्नलला गाडी थांबली की शेजारच्या गाडीतल्या माणसाला काचेआड एक नळवाला रडताना दिसायचा. नवख्या माणसाला वाटायचं, याच्या घरी कुणी गेलं असावं. आम्हाला कळायचं, पियानो सुरू झालाय.

आता ही गाणी कशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या कडव्यात स्टेशन, दुसऱ्यात पाऊस, आणि तिसऱ्यात मुलगी मरते तरी किंवा टोकियोला जाते. आमच्यासारख्या गावाला दोन्ही सारखंच. मधे गाणारा माइकजवळ तोंड नेऊन एक मोठा श्वास घेतो. त्या श्वासाला होझुमीचा कान लाल व्हायचा, ध्रुवपद वर चढलं की नाक, आणि मग पाणी. हुंदके नाहीत, चेहरा वेडावाकडा नाही. वायसर झिजलेल्या नळासारखा तो शांतपणे गळायचा.

असा माणूस गावात आहे म्हटल्यावर गाव त्याला सोडतंय होय! बाजारपेठेच्या संघाचे अध्यक्ष होते योकोए, किमोनोच्या दुकानाचे मालक. दर नोव्हेंबरात ते नगर सभागृहात गाण्यांची स्पर्धा भरवायचे. त्यांनी होझुमीला शाळेकडून जवळजवळ पळवलाच. तिथेही दुसरी रांग, कडेची खुर्ची. परीक्षक आमचे कानामारूच. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे आणि उजव्याने ऐकायचा कंटाळा येई. ते मंचाकडे बघतच नसत. ते होझुमीकडे बघून गुण द्यायचे. कान लाल झाला की सत्तर, नाक झालं की ऐंशी, हनुवटीवरून थेंब पडला की नव्वदच्या पुढे. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यामुळे गाणारे मंचावर आले की माइक थेट दुसऱ्या रांगेकडे वळवून गायचे, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात होझुमीच्या दारात सकाळी वाळवलेल्या माकूळ माशांचा पुडा तरी असायचा नाहीतर संत्र्यांची पिशवी.

"घेऊ नका हो असलं काही," मी त्याला एकदा म्हटलं.

"कोण ठेवतं तेच कळत नाही, बाई. परत कुणाला करू? आणि मला तर सगळ्यांच्याच गाण्यांना येतं."

ते खरंच होतं. त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस गावात दुसरा नव्हता. मासे विकणाऱ्याने घसा फाडून म्हटलेल्या गाण्यालाही तो तितकाच रडायचा. यामुळे दर वर्षी सात-आठ जणांना पहिलं बक्षीस विभागून द्यावं लागे, आणि गावात शांतता नांदे.

मग आली इसाको.

आली म्हणजे होतीच. स्टेशनच्या रस्त्यावर तिचं बटाट्याच्या कोरोक्केचं, म्हणजे तळलेल्या पॅटिसांचं, दुकान होतं, चार पावलांचं, काचेची एक पेटी आणि मागे तेलाची कढई. चाळिशीची, हातावर तेलाचे जुने डाग, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक सुटे पैसे आधीच मोजून आणायचं. गावात ती एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होती. तिला कुणी कधी रडताना पाहिलं नव्हतं. माझ्या वर्गात होती तेव्हाही नाही. होझुमी रोज दुपारी तिच्याकडून दोन कोरोक्के घ्यायचा आणि रस्त्यातच उभा राहून खायचा. एका जानेवारीत थंडीने तिच्या दुकानाचा पाइप फुटला, तेव्हा त्याने दिवसभर बर्फात गुडघे टेकून तो बदलला आणि मजुरी म्हणून दोन कोरोक्के मागितले. तिने चार दिले. आमच्याकडे यावरून पुष्कळ काही समजतं.

त्याची आई वारल्यानंतरच्या वसंतात तो माझ्याकडे आला. चहाचा कप तीनदा फिरवला. शेवटी म्हणाला, "बाई, इसाको-सानना तुम्ही विचाराल का?"

"काय विचारू?"

"तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मध्यस्थाने तोंडाने विचारायची आपली रीत आहे, आणि शिक्षिकेला गावात हे एक काम जन्मभर असतंच. दुसऱ्याच दिवशी मी दुकानात गेले. इसाको कढईत कोरोक्के सोडत होती.

"बाई, तुम्ही दुपारच्या वेळी आलात म्हणजे खायला नाही आलात. होझुमीने पाठवलं ना?"

"माणूस चांगला आहे, इसाको."

"नळ चांगला बसवतो. माणसाचं नंतर बघू." तिने झारा उलटा केला. "माझा पहिला नवरा आठवतो ना तुम्हाला? काय गायचा! देशभरातल्या बायकांसाठी रडला तो. होक्काइडोच्या धक्क्यावरची एक, ओसाकाच्या पावसातली एक, शिवाय दर गाण्यात मरणाऱ्या होत्या त्या वेगळ्या. मला न्यूमोनिया झाला तेव्हा पेजेची वाटी हातात द्यायला घरात माणूस नाही. कुठे होता? बारमध्ये. आजारी बायकोचं गाणं म्हणत होता. सगळा बार रडला म्हणे. त्यातल्याच एका रडणारीला घेऊन कानाझावाला गेला."

"होझुमी तसा नाही."

"कशावरून? त्याच्या आईच्या अंत्यविधीला मी होते, बाई. हा पुढे बसलेला. डोळे कोरडे ठणठणीत. बाहेर पडल्यावर मी विचारलं, रडला नाहीत? तर मला म्हणतो, 'तिथे गाणं नव्हतं.' आता सांगा! मी उद्या आजारी पडले तर आधी कॅसेट लावायची का?"

तिने कोरोक्के निथळायला ठेवले.

"मी नाही म्हणत नाही," ती जरा खालच्या सुरात म्हणाली. "त्याला सांगा, या नोव्हेंबरात त्या स्पर्धेत बसायचं. तीच रांग, तीच खुर्ची. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. एक थेंब आला नाही, तर मी हो म्हणेन."

"अगं, घरी बसून कोरडं राहायला सांग. तिथे सगळं गाव त्याच्याकडे डोळे लावून असतं."

"म्हणूनच. तिथे सगळ्यांना त्याच्याकडून पाणी हवं असतं. एकटी मीच नको म्हणतेय. कुणाचं ऐकतो ते कळू दे मला एकदा."

मी निरोप पोचवला. होझुमीचा चेहरा पाण्याची मुख्य वाहिनी फुटल्यासारखा झाला. मग त्याने मान डोलावली आणि विचारलं, "बाई, शिकवाल का?"

मी आयुष्यभर मुलांना भाषा शिकवली, पण न रडायला कुणाला शिकवलं नव्हतं. गुरुवारी दुपारी त्याला घरी बोलवायचं ठरलं. तो कॅसेट घेऊन आला. मी यंत्रात घातली. पियानोचे चार सूर वाजले आणि त्याचा कान लाल.

"होझुमी-सान, गाणं अजून सुरू झालेलं नाही."

"हो बाई. पण आता होणार ना."

पुढच्या गुरुवारी खारवलेलं आंबट प्लम तोंडात धरून पाहिलं. त्याने डोळे आणखीच भरून आले. मांडीला चिमटा काढून पाहिला. पाइपांची मापं मनात म्हणून पाहिली. श्वासापर्यंत टिकला आणि ध्रुवपदाला वाहून गेला. उन्हाळा संपला. मी हात टेकायच्या बेतात होते, तेव्हा मला माझा धंदा आठवला. शाळेत एखादी कविता ठार करायची असेल तर काय करतात? तिच्याखाली प्रश्न घालतात. इतकी वर्षं मी दुसरं काय केलं होतं? चांगल्या चांगल्या कविता माझ्या हातून गेल्या होत्या. हे तर नुसतं गाणं.

मी कॅसेट थांबवली आणि खडू घेतल्यासारखा हात वर केला.

"प्रश्न पहिला. नायिका कुठे उभी आहे?"

"फलाटावर, बाई."

"कशासाठी?"

"तो येईल म्हणून."

"केव्हापासून?"

होझुमीने बोटं मोजली. कामाच्या बाबतीत तो चोख होता. "पहिल्या कडव्यात फुलं गळतायत. दुसऱ्यात पाऊस. तिसऱ्यात बर्फ. म्हणजे… एप्रिलपासून, बाई. निदान डिसेंबरपर्यंत."

"या काळात ती जेवली कुठे?"

"त्याचा उल्लेख नाही."

"स्टेशनमास्तरने तिला हटकलं का?"

"नाही. हटकायला हवं होतं."

"फलाटावर फोन असतो की नाही?"

"असतो. हिरवा. दहा येनचं नाणं घातलं की झालं." मग एखाद्या नातेवाइकाबद्दल नको ते कळावं तशा स्वरात म्हणाला, "बाई, ही पोरगी जरा बावळटच आहे, नाही का?"

मी कॅसेट पुन्हा लावली. ध्रुवपद चढलं. कान पांढरा तो पांढराच.

त्या शरदात आम्ही एकेक गाणं असं निकालात काढलं. समुद्रात पत्र टाकणाऱ्याला टपालपेटी माहीत नव्हती का? छत्री दुकानात मिळत असताना दोघं एकाच छत्रीखाली का भिजली? होझुमीला गोडी लागली. तो स्वतःच प्रश्न काढू लागला आणि काही तर माझ्याहून निर्दय. त्याला एक चांगला शिक्षक होता आलं असतं.

स्पर्धेच्या दिवशी योकोए अध्यक्ष पहाटेपासून सभागृहात होते. त्याला दोन कारणं होती. एक, तोयामाहून टीव्हीवाले येणार होते आणि त्यांचा एक कॅमेरा मुद्दाम दुसऱ्या रांगेवर रोखलेला होता. दोन, त्यांची मुलगी सायोरी शेवटी गाणार होती. वीस वर्षांची, मऊ आवाजाची, आणि वडिलांच्या दुकानातला सगळ्यात महागडा किमोनो घातलेली. तिचं गाणं म्हणजे नेमकं ते फलाटाचं.

मी होझुमीच्या शेजारी बसले. इसाको सगळ्यात मागे, दाराजवळ, कोरोक्केची परडी घेऊन. मध्यंतरात विकायला आलेय असं तिने सांगितलं होतं.

पहिला मासे विकणारा. त्याने माइक आमच्याकडे वळवला आणि डोळे मिटून सुरुवात केली. हॉलमध्ये चारशे रुमाल मांडीवर तयार. ध्रुवपद चढलं. होझुमी शांत. त्याचे ओठ मात्र हलत होते. प्रश्न घालत होता बिचारा. गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण सगळे आमच्याकडे बघत होते. कानामारूंनी पेन्सिल उचलली, होझुमीला दोनदा नीट पाहिलं, आणि पन्नास गुण दिले. मासे विकणाऱ्याच्या तोंडाचा रंग उडाला. मागच्या वर्षी त्याला चौऱ्याण्णव होते.

दुसरी, तिसरी, चौथा. रुमाल एकही हलला नाही. लोकांना खरंच काही वाटत नव्हतं की पहिला मिळाला नाही म्हणून वाटून घेता येत नव्हतं, हे मला अजून सांगता येणार नाही. चौथ्या गाण्याला कुणीतरी जांभई दिली, आणि ती मात्र झपाट्याने पसरली. जांभईला आमच्याकडे पहिल्या माणसाची वाण नाही.

योकोए वाकून आमच्या रांगेजवळ आले.

"होझुमी-सान, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे, अध्यक्षसाहेब."

"मग? कॅमेरा चालू आहे हो! थोडंसं तरी. नाकापर्यंत तरी आणा."

"आज वॉल्व्ह बंद आहे, साहेब."

"बाई, तुम्ही तरी सांगा याला!"

"गाणं चालू आहे, अध्यक्षसाहेब," मी म्हटलं. "बोलू नये."

मग सगळ्यात शेवटी सायोरी आली. नमस्कार केला. पियानो वाजला. खरं सांगते, पोरगी चांगली गायली. फुलं गळली, पाऊस झाला. हॉल सुन्न होता आणि होझुमीच्या कपाळावर घाम होता. मला त्याची डावी बाजू दिसत होती. श्वास आला, आणि त्याचा कान गुलाबी होऊ लागला. मी मागे वळून पाहिलं. इसाको परडी कवटाळून उभी होती. होझुमीने घाईघाईने प्रश्न घातला. पण मनातला प्रश्न घाईत तोंडावाटे बाहेर पडला, आणि नेमक्या त्या क्षणी पियानो थांबलेला होता.

"शेवटची गाडी किती वाजता आहे?"

पुढच्या रांगेत तोफू विकणारी म्हातारी होती. तिला वाटलं, कुणाला खरंच माहिती हवीय.

"सात बावीसची," ती मोठ्यांदा म्हणाली. "पण रविवारी नसते."

कुणीतरी फिसकन हसलं. आमच्या गावाला दुसऱ्या नंबरावर हसायलाही आवडतं. चारशे माणसं हसली. इस्त्रीचे रुमाल तोंडाला लावून हसली. टीव्हीवाला हसल्याने कॅमेरा हलला. योकोए हसले नाहीत. सायोरी तशीच उभी राहिली, माइक धरून. पियानो दोन पावलं तिच्याशिवाय पुढे गेला आणि थांबला. आणि मग ती रडू लागली. त्यात कसली लकब नव्हती, की सूर चढला नव्हता. नाकातून, तोंडातून, रंगवलेलं काजळ गालावर पसरवत, लहान पोरासारखी.

हसू तुटलं. आणि मग जे झालं ते माझ्या गावाबद्दल सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगते. कुणीही तिच्याकडे बघेना. गाण्यातल्या पोरीसाठी रुमाल घेऊन बसलेली चारशे माणसं आपापल्या चपलांकडे बघू लागली. वडील पडद्यामागे गेले होते. कानामारू पेन्सिलीला टोक काढत होते.

होझुमी उठला. मला वाटलं, संपलं. आता हा फुटणार. तो कडेच्या पायऱ्यांनी मंचावर चढला, खिशातून रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला.

"घ्या. कोरडा आहे," तो म्हणाला. माइक चालूच होता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं. "माझं चुकलं. मोठ्याने बोललो. तुम्ही छान गात होतात."

त्याने तिला मंचामागे नेलं, तिथल्या नळावर तोंड धुवायला लावलं, आणि नळ गळतोय हे बघून तो घट्टही केला. परत येऊन खुर्चीवर बसला. त्याचे डोळे मी अगदी जवळून पाहिले. कोरडे.

मध्यंतर कधीच टळून गेलं होतं. मी मागे गेले तेव्हा इसाको गार झालेले कोरोक्के मोजून कागदात बांधत होती.

"रडला नाही," मी म्हटलं.

"दिसलं मला."

"मग?"

तिने पुडीला दोरा गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"अख्ख्या हॉलात उठलं का कुणी, बाई? एक उठला." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "शनिवारी या म्हणावं. हत्यारांची पेटी घेऊन. मोरी तुंबलीय."

गावाने होझुमीला माफ केलं नाही. योकोए दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या घरचा नळ शेजारच्या गावचा माणूस येऊन दुरुस्त करून जाई. स्पर्धेला पुढच्या वर्षी गुण देणारं यंत्र आणलं. ते सुरांवर गुण द्यायचं, त्यामुळे मासे विकणाऱ्याने गाणं सोडलं, हा एक फायदा झाला. शाळेच्या निरोप समारंभालाही होझुमी आला नाही. इसाकोच्या दुकानात गर्दी होती. समारंभ कोरडा गेला, आणि एका पालकाने हेडमास्तरांकडे तक्रार केली की अलीकडे शिक्षणाचा दर्जा घसरत चालला आहे. "कोरोक्केवालीने चांगला रडका माणूस वाया घालवला," असं बायका मिसोच्या दुकानात म्हणायच्या. सायोरीने मात्र आठवड्याभरात रुमाल धुऊन, इस्त्री करून, मिठाईच्या डब्यासह परत पाठवला. ती आता दातांच्या दवाखान्यात काम करते आणि म्हणते, इथे लोक माझ्यासमोर पहिल्या सुरापासून रडतात.

लग्नात गाणं ठेवायचं नाही, ही इसाकोची अट होती. ठेवलं नाही. जेवण चाललं असताना कुणीतरी पाहुणा उत्साहाने उठला, तर तिने त्याच्या ताटात आणखी एक मासा वाढून त्याला बसवलं.

पण रोग मुळातून गेला असं समजू नका. प्रश्नांचा गुण वर्षभर टिकला, मग उतरला. मंगळवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी होझुमीची गाडी खाडीच्या भिंतीशी उभी दिसते, काचा वर केलेल्या, आत कॅसेट. अर्ध्या तासाने तो घरी येतो. इसाको काही विचारत नाही. रुमाल धुते.

"तुला चालतं का गं हे?" मी तिला एकदा विचारलं.

"मागच्या वर्षी माझं पित्ताचं ऑपरेशन झालं, बाई," ती म्हणाली. "दवाखान्यात मी अकरा दिवस होते. हे रोज पेज घेऊन यायचे. स्वतः करून. काय घाण पेज असायची! एक दिवस मीच विचारलं, अहो, रडला नाहीत ते? तर म्हणाले, 'पेज उतू गेली असती.'"

होझुमी आता सत्तरीला आलाय. नळाची कामं त्याने सोडली. पहाटे दुकानात सगळ्यात आधी तो येतो आणि दिवसभराच्या कोरोक्केचा कांदा चिरून ठेवतो. कांदा चिरताना इसाकोच्या डोळ्यांना धारा लागतात. त्याच्या डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणून ते काम त्याच्याकडे आहे.